म्हाताऱ्याची चाल

ज्याचें ओझें त्यानें पाठीवर घेऊन बोलिव्हिया देश पाहावयाचा, असें आम्हीं उभयतांनीं ठरविलें, तेव्हां ईटला मामंजी एवढेंच म्हणाले, "डोंगर म्हाताऱ्याच्या चालीनें चढावा." बालाघाटांत वाढलेले यजमान हंसले.

अँडीज पर्वतांतील ला पाझ शहर सुमारें ३,६०० मीटर उंचीवर आहे. आपलें कळसूबाई १,६४६ मीटर. पोहोंचल्या दिवशींच यजमान माझीहि पिशवी उचलून भरभर चढूं लागले आणि अर्ध्या वाटेंत मटकन् खालीं बसले. डोकें ठणकूं लागलें, श्वास पुरेना. विरळ हवेची संवय व्हावयास शरीराला कांहीं दिवस लागतात. त्या परक्या मुलुखांत माझा धीर सुटला.

इतक्यांत एक आयमारा आजीबाई पाठीवर भलें मोठें रंगीत गाठोडें घेऊन संथपणें वर गेल्या. दोन दिवसांच्या विसाव्यानंतर आम्ही बाजारांत गेलों, तों त्याच तेथें चुन्यो विकीत होत्या. रात्रीं हिमांत गोठवून, पायांनीं तुडवून, उन्हांत सुकविलेले हे बटाटे म्हणजे वर्षानुवर्षें टिकणारें वाळवणच!

यजमानांनीं मुकाट्यानें माझी पिशवी मला परत दिली. मग ३,८१२ मीटरांवरील टिटिकाका सरोवर गांठीपर्यंत आम्हीं मामंजींची चाल मोडली नाहीं.