एवढ्याने काय होते?

भारतीय पाहुणचारात नकाराला फारशी किंमत नसते. "पुरे" म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक पोळी पडते आणि पथ्य सांगणाऱ्याला हसून विचारले जाते, "एवढ्याने काय होते?" विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते. परंतु सिलिअ‍ॅक हा विकार असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मिलिग्रॅममध्ये देता येते. ते उत्तर ठाऊक असूनही भरल्या पंगतीत देणे किती अवघड असते, हे उत्तर भारतातील एका संशोधन संस्थेत भौतिकशास्त्राची पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या अनुभवावरून समजते.

ती मूळची सोलापूर जिल्ह्यातील. घरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. चपाती असे ती शाळेच्या डब्यापुरती. वसतिगृहात आल्यावर ताट बदलले. सकाळी पराठा किंवा ब्रेड, दुपारी रोटी, संध्याकाळी सामोसा, रात्री पुन्हा रोटी. दुसऱ्या वर्षी तिचे वजन उतरू लागले, पोट सतत फुगू लागले, जिना चढताना धाप लागू लागली. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असल्याचे तिला शाळेपासून ठाऊक होते. लोहाच्या गोळ्याही तेव्हापासून चालू होत्या. मात्र इतकी वर्षे गोळ्या घेऊनही लोह वाढत का नाही, हा प्रश्न एका डॉक्टरांनी प्रथमच विचारला आणि रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी सांगितली. पुढे एंडोस्कोपी आणि बायॉप्सी झाली. निदान झाले तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नव्हे. तो स्वयंप्रतिकार विकार आहे. गहू, सातू आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचा प्रथिनांचा समूह असतो. त्यात प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्ले इतकी दाटीने असतात, की पचनसंस्थेतील विकरांना त्यांची साखळी पूर्णपणे तोडता येत नाही. आयआयटी मुंबईत शिकलेले आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे चैतन खोसला यांच्या गटाने २००२ मध्ये अशा ३३ अमिनो आम्लांच्या एका चिवट तुकड्याचे वर्णन केले. हे तुकडे सर्वांच्याच आतड्यात उरतात आणि बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही. परंतु ज्यांच्याकडे डीक्यू२ किंवा डीक्यू८ या नावाने ओळखली जाणारी जनुकीय ठेवण असते, त्यांच्यापैकी काहींची प्रतिकारयंत्रणा या तुकड्यांना शत्रू समजते. मग हल्ला होतो तो स्वतःच्याच लहान आतड्यावर. अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. लोहाचे शोषण प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होते आणि नेमका तोच भाग सर्वाधिक बिघडतो. तिच्या गोळ्या निरुपयोगी नव्हत्या. त्या शोषून घेणारी जागाच शिल्लक नव्हती.

गव्हाकडे बोट दाखवायला वैद्यकाला फार वेळ लागला. इंग्लंडमधील सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचे नेमके वर्णन केले आणि आहार हाच उपाय असावा असेही सांगितले. पण कोणता आहार, हे त्यांना उमगले नाही. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांना १९३०च्या दशकात गव्हाची शंका आली. १९४४-४५च्या हिवाळ्यात तेथे दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा ती शंका बळावली. डिके यांनी आहार बदलून, मोजमापे घेऊन आपला निष्कर्ष १९५०च्या प्रबंधात मांडला.

भारतात हा 'पाश्चात्त्यांचा आजार' समजला जात असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हा समज मोडला. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील मिळून २३ हजारांहून अधिक प्रौढांची त्यात तपासणी झाली. सिलिअ‍ॅकची प्रतिपिंडे उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळली. संबंधित जनुकीय ठेवण मात्र तिन्ही ठिकाणी साधारण तितकीच, म्हणजे सुमारे तीनांत एकाकडे होती. मोठी तफावत होती ती ताटात: उत्तरेत माणशी दररोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम. ईशान्येतही गव्हाचे प्रमाण दक्षिणेसारखेच कमी होते, तरी तेथे आजार बराच अधिक दिसला. म्हणजे गव्हाचे प्रमाण हे काही संपूर्ण स्पष्टीकरण नव्हे. या विद्यार्थिनीने तो शोधनिबंध वाचला तेव्हा तिला त्यात स्वतःचा प्रवास दिसला. पण विज्ञानाच्या शिस्तीप्रमाणे तिने हेही मान्य केले, की लोकसंख्येचे निष्कर्ष एका व्यक्तीवर जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. शाळेपासूनचे कमी हिमोग्लोबिन पाहता आजार कदाचित सोलापुरातच सुरू झाला असेल. डब्यातली चपाती तेव्हाही होतीच.

आता मूळ प्रश्न: एवढ्याने काय होते?

इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये एक काटेकोर प्रयोग प्रसिद्ध केला. पथ्यावर असलेल्या रुग्णांना तीन महिने दररोज ठरावीक ग्लूटेन असलेली कॅप्सूल देण्यात आली. दररोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याची हानी स्पष्ट दिसली. दररोज सुमारे १० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा बहुतेकांना सोसते, असे आज सामान्यतः धरले जाते. काहींना तीही सोसत नाही. आता रोटीचा हिशेब पाहू. ३० ग्रॅम कणकेच्या एका रोटीत सुमारे अडीच ग्रॅम ग्लूटेन असते. म्हणजे १० मिलिग्रॅम हा त्या रोटीचा साधारण २५०वा भाग झाला, कणकेच्या भाषेत जेमतेम ०.१२ ग्रॅम. पोळपाटावर सांडलेले पीठ बोटाने टिपले तरी त्याहून अधिक निघेल. 'ग्लूटेनमुक्त' असे छापण्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घातलेली मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. त्या मर्यादेवरचे अन्न दिवसभरात अर्धा किलो खाल्ले, की १० मिलिग्रॅम भरतात. कायद्यातील आकडा आणि आतड्याची सहनशक्ती यांचा असा मेळ बसतो.

प्रयोगशाळेत हे गणित कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. अतिनिर्वात कक्षाच्या आतील धातूवर बोटाचा एक ठसा उमटला, तर पुढे कित्येक दिवस दाब उतरत नाही, हे तिचे सगळे सहकारी जाणतात. हातमोजे घातल्याशिवाय कोणी सुट्या भागाला हात लावत नाही. मात्र त्याच सहकाऱ्यांना खाणावळीत रोटी भाजलेल्या तव्यावर तिचा डोसा का नको, हे पटायला वर्ष लागले. अदृश्य मलिनता यंत्राला बाधते हे मान्य असते. माणसाला बाधते म्हटले, की तो नखरा ठरतो.

गहू दिसेल तिथे टाळणे सोपे; खरी कसरत न दिसणाऱ्या गव्हाशी असते. बाजारात मिळणाऱ्या बांधणी हिंगात पुष्कळदा मैदा असतो, म्हणून निर्दोष वाटणारी डाळ, सांबार आणि पापड संशयित ठरतात. सोया सॉसमध्ये गहू असतो. सामोशाच्या तेलात तळलेला बटाटाही बाद. गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी ज्वारी राहत नाही. पूर्वी सोलापूरकडच्या बायका गिरणीवाल्याला "ज्वारीवर ज्वारी टाका" असे बजावत, ते भाकरी नीट थापली जावी म्हणून. आता तिची आई तेच वाक्य वेगळ्या काळजीने म्हणते आणि तरीही धान्य घरच्या लहान यंत्रावर दळते. वसतिगृहातल्या तिच्या पत्र्याच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते. पंधरा-वीस दिवस टिकणारे हे अन्न प्रवासासाठी आणि शेतकामासाठी जन्मले. आता ते तिच्या रात्रीच्या प्रयोगांना पुरते.

अनपेक्षित मदत मिळाली ती नवरात्राकडून. उत्तर भारतात त्या नऊ दिवसांत बहुतेक घरे गहू वर्ज्य करतात. दुकानांत कुट्टू, शिंगाडा, राजगिरा आणि वरीचे पीठ ओसंडून वाहते. वर्षभर एकटीचे असलेले पथ्य त्या नऊ दिवसांपुरते सगळ्यांचे होते आणि कोणी कारण विचारत नाही. श्रद्धेसाठी सोडलेल्या अन्नाचा मान राखणारा समाज आजारासाठी सोडलेल्या अन्नावर वाद घालतो, ही गोष्ट तिला तेव्हा जाणवली.

सर्वांत कठीण असतो प्रसाद. मैत्रिणींबरोबर गुरुद्वारात गेल्यावर ओंजळीत येणारा कडाह प्रसाद कणकेचा असतो. ती तो डोळ्यांना लावून शेजारच्या मैत्रिणीच्या हातात देते आणि नंतर हात धुते. नाकारत नाही, खातही नाही. गावाकडे वास्तुशांतीच्या जेवणात आत्या म्हणाली होती, "आगं, पुरणपोळीच्या एका घासानं काय होतंय?" तिने प्रतिपिंडे, विकरे, २००७चा प्रयोग सगळे सांगून पाहिले. आत्याच्या डोळ्यांत पाणी आले. तिला एवढेच समजले, की भाचीने आपल्या हातचे नाकारले. त्यानंतर तिने स्पष्टीकरण देणे सोडले आणि मागणे सुरू केले: "आत्या, मला नुसतं पुरण दे वाटीत, वर तूप घाल. फक्त कणकेचा डबा उघडायच्या आधी काढून ठेव." पुढच्या होळीला आत्याने पुरण शिजताच पहिली वाटी झाकून देव्हाऱ्याजवळ ठेवली. नकारापेक्षा विनंती माणसांना लवकर कळते.

तरीही हा केवळ एका चिकाटीच्या मुलीचा प्रश्न नाही. तिच्याकडे विद्यावृत्ती आहे, ज्वारी पाठवणारी आई आहे, शोधनिबंध वाचता येतात. पंजाब-हरियाणात रेशनवर प्रामुख्याने गहूच मिळतो. तेथील मजुराच्या लेकराला हा विकार असेल, तर सरकारी धान्य त्याच्या उपयोगाचे नाही आणि दुकानातले ग्लूटेनमुक्त पीठ गव्हाच्या कित्येक पट महाग. भारताच्या पुढाकाराने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारी, बाजरी, नाचणी ही धान्ये मुळातच ग्लूटेनविरहित आहेत. गव्हाशी संपर्क न येऊ देता दळलेले असे पीठ निदान झालेल्या रुग्णांना रेशनवर मिळाले, तर भरडधान्यांच्या गौरवाला खरा अर्थ येईल. औषधांवर संशोधन चालू आहे. आतड्यातील एका विकराला रोखणाऱ्या औषधाच्या चाचणीचे आशादायक निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु आजचा उपचार एकच आहे, आणि तो म्हणजे आयुष्यभराचे पथ्य.

विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दीर्घकाळ न सुधारणारा रक्तक्षय, सततचे जुलाब किंवा पोटफुगी, मुलांची खुंटलेली उंची यांमागे सिलिअ‍ॅक असू शकतो. डॉक्टरांना तसे विचारावे. आणि शंका आली म्हणून तपासणीपूर्वीच गहू सोडू नये. गहू सोडताच प्रतिपिंडे ओसरू लागतात, आतडे भरून येऊ लागते आणि निदान हातातून निसटते. आधी तपासणी, मग पथ्य, हाच क्रम.

पथ्य सुरू झाल्यावर वर्षभरात तिचे हिमोग्लोबिन त्याच लोहाच्या गोळ्यांनी सामान्य पातळीवर आले. तिला आता जिना चढताना धाप लागत नाही. खाणावळीत तिच्यासाठी एक तवा वेगळा ठेवलेला असतो, त्याच्या मुठीला लाल दोरा बांधलेला. गेल्या सत्रात नव्याने दाखल झालेल्या एका विद्यार्थ्यालाही हाच विकार असल्याचे निष्पन्न झाले. त्याला कोणालाही काही समजावून सांगावे लागले नाही. पहिल्या दिवशीच स्वयंपाक्याने लाल दोऱ्याचा तवा शेगडीवर चढवला.