अभिप्राय मागावा कुणाकडे?

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्यांची हस्तलिखितं संपादित करणं, ती छापून घेणं आणि वाचकांपर्यंत पोचवणं हे माझं काम. या लेखकांचा पहिला प्रश्न छपाईच्या खर्चाचा असतो. ‘यावर कुणी लिहील का?’ हा प्रश्न मात्र बहुतेक जण पुस्तकांचे गठ्ठे घरी येऊन पडल्यावर विचारतात. तो हस्तलिखित छापायला जाण्याआधी विचारावा, असं मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

नेहमीचा क्रम ठरलेला आहे. तीनशे प्रती निघतात. प्रकाशन समारंभात त्यातल्या बऱ्याचशा ‘सप्रेम भेट’ लिहून, सही करून वाटल्या जातात. नातलग, व्याही, कचेरीतले जुने सहकारी. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो आणि लेखक अभिप्रायाची वाट पाहू लागतो. तो येत नाही. त्यात त्या मंडळींचा दोष नाही. समारंभाला आले म्हणून पुस्तक त्यांच्या हाती पडलं, त्यांनी ते मागितलं नव्हतं. उरलेल्या प्रतींपैकी काही रविवारच्या पुरवण्यांना आणि मासिकांना जातात. अभिप्रायार्थ दोन प्रती पाठवण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे आणि ती पाळावीच. पण ‘ललित’सारखं पुस्तकांनाच वाहिलेलं मासिक असो की दैनिकाची पुरवणी, जागा थोडी आणि येणारी पुस्तकं फार. बहुतेकांच्या वाट्याला ‘साभार पोच’मधली एक ओळ येते. तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

भिस्त ठेवावी ती पुस्तकाच्या विषयात ज्याचं आयुष्य गेलं आहे, अशा वाचकावर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका पाटकऱ्याने आठवणी लिहिल्या. आवर्तनं, शेजपाळीची म्हणजे पाणी मिळण्याच्या क्रमाची भांडणं, रात्री-अपरात्री कालव्याची दारं उघडायला जाणं, सगळं त्यात होतं. त्यांना ते पुस्तक शहरातल्या नामवंत समीक्षकांना पाठवायचं होतं. आम्ही आधी वेगळी यादी केली: त्याच कालव्यावरच्या पाणी वापर संस्थांचे पदाधिकारी, कृषी महाविद्यालयातले प्राध्यापक, चारीवरचे वाचणारे शेतकरी. ही शेवटची नावं तालुक्याच्या वाचनालयातल्या ग्रंथपालांनी दिली. कोण काय वाचतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. महाराष्ट्रात हजारो शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि लेखक-प्रकाशक त्यांच्याकडे फक्त गिऱ्हाईक म्हणून पाहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या यादीतून आलेलं सर्वांत मोलाचं पत्र टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, एका शेतकऱ्याचं होतं. पुस्तकात हेडकडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या गावांचीच गोष्ट आहे, आमच्या शेवटच्या चारीला पाणी पोचलंच नाही त्या वर्षांबद्दल एक शब्दही नाही, असं त्यांनी पानांचे आकडे देऊन लिहिलं होतं. शिवाय रात्रीच्या पाळीचं वर्णन वाचताना वडिलांची आठवण आली, हेही. लेखक दोन दिवस अस्वस्थ होते. मग परवानगी घेऊन त्यांनी ते पत्र जसंच्या तसं दुसऱ्या आवृत्तीत छापलं. माझ्या मते त्या पुस्तकाचं तेच खरं परीक्षण.

असा अभिप्राय मिळवायचा तर मागण्याची पद्धत महत्त्वाची. आधी विचारावं, होकार आला तरच प्रत पाठवावी. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘छान’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी ‘कुठे थांबावंसं वाटलं? तुमच्या अनुभवाशी कुठे जुळत नाही?’ असं विचारावं. दीड-दोन महिने द्यावेत, एकदाच आठवण करावी. वाचकाने लिहिलं नाही, तर तो त्याचा हक्क आहे. आणि ज्याने लिहिलं, त्याच्याशी वाद घालू नये.

पैसे देऊन स्तुती लिहून घेणाऱ्यांचा धंदा आता उघड चालतो. नवे लेखक त्याला बळी पडतात, म्हणून स्पष्ट सांगते. अ‍ॅमेझॉनच्या नियमांत मोबदला घेऊन लिहिलेले अभिप्राय चालत नाहीत, घरच्यांचे आणि जवळच्या मित्रांचेही नाहीत. पुस्तकाची प्रत मोफत देता येते, पण अभिप्रायाची अट घालून नाही. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणलं. नियम नसते तरी मी हेच सांगितलं असतं. विकतच्या कौतुकाने लेखकाला स्वतःच्या पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही.

कौतुक स्वतःच घडवून आणण्याचा हा मोह नवा नाही. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये ‘लीव्हज ऑफ ग्रास’ हा कवितासंग्रह स्वतःच प्रकाशित केला आणि आपल्याच पुस्तकावर निनावी परीक्षणं लिहिली. पण त्याला खरा आधार मिळाला तो नामवंत लेखक इमर्सनच्या पत्राचा. इमर्सनला प्रत गेली, त्याने ती वाचली आणि न राहवून लिहिलं. ते खाजगी पत्र व्हिटमनने न विचारता छापून टाकलं, हे मात्र मला आजही पटत नाही. वाचकाचं पत्र त्याच्या संमतीशिवाय जाहीर करू नये, मग तो इमर्सन असो की टेलचा शेतकरी.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी असं एखादं पुस्तक असेल, ज्याचा लेखक आणि प्रकाशक एकच आहे. त्याच्या सुरुवातीच्या पानांवर बहुधा लेखकाचा पत्ता आणि फोन नंबर छापलेला असतो. पुस्तक वाचून झालं असेल, तर काय भावलं आणि काय खटकलं हे चार ओळींत त्यांना जरूर कळवा.