तिकीट राहिले, लखोटा गेला

बी-बियाणे बाजूला ठेवून आज टपालाच्या एका जुन्या तिकिटाविषयी सांगतो.

या तिकिटावर पंचम जॉर्ज बादशहाचे चित्र आहे आणि त्यावर काळ्या शाईत ‘आय. ई. एफ.’ ही तीन इंग्रजी अक्षरे. 1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले. हिंदुस्थानातून परमुलखात पाठवलेल्या फौजेसाठी सरकारने नेहमीच्याच तिकिटांवर ही अक्षरे छापली. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. युद्ध इंग्रजांचे, गेली ती आपल्या शिवारातली माणसे.

माझ्या आजीचे वडील त्यांतलेच. ते परतले नाहीत. त्यांचे एकच पत्र आजीने पेटीत जपले होते. शाळेत असताना मला तिकिटांचा नाद लागला. मी लखोटा पाण्यात भिजवला, तिकीट सोडवले आणि उरलेला कागद उकिरड्यावर टाकला. पत्रात ‘खुशाल आहे’ एवढेच होते. लष्करी टपालघराचा क्रमांक आणि तारीख लखोट्यावरच्या शिक्क्यात होती. तिकिटावर त्या शिक्क्याची नुसती कड उरली आहे. आजी रागावली नाही. “आता ते कुठं होते, कसं कळायचं?” एवढेच म्हणाली.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत जुनी पेटी उघडलीत, तर तिकीट फाडू नका, भिजवू नका. लखोटा, पत्र, तिकीट एकत्रच ठेवा. बियाण्यासारखेच ओल आणि उन्हापासून जपा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा, हे पत्र कुणाचे?