लक्ष्मी रस्त्यावरचे आकडे

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर आपण चालतो असे म्हणायचे, एवढेच. खरे तर गर्दीच आपल्याला एका दुकानातून दुसऱ्या दुकानात नेऊन सोडते. परवा आमची कन्या बरोबर होती. एका दुकानात ३८ नंबरचा कुडता तिला सैल झाला. चार दुकाने पुढे ३८ चाच काखेत काचला. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, मी जाड झाले का हो?"

"अगं, शंभर पावलांत कुणी जाड होतं का?"

दुकानदाराने उलगडा केला. कुणी कारखानदार अंगाच्या छातीचे माप लिहितो, कुणी शिवलेल्या कपड्याचे. हालचालीपुरती सोडलेली ढिलाई दर ठिकाणी निराळी. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने २०१८ साली जाहीर केलेल्या योजनेत मुंबईसह ६ शहरांतल्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापे घेऊन भारतीय मापांचा तक्ता करायचे ठरले, ते याच गोंधळापायी.

शिंप्याच्या फितीला गिऱ्हाईक ठाऊक असे. तयार कपड्याला ते ठाऊक नसते. म्हणून रांग असली तरी कपडा आधी अंगात घालून पाहावा. आकडा दुकानाचा असतो. त्यावरून आपल्या पोरींनी आपल्या देहाला बोल लावू नये.