दोन रंगांची मूठ

चाकू घ्यावा तो पाते पाहून, असाच आमचाही समज होता. आजोबांचा घडीचा चाकू वाटणीत आमच्याकडे आला, तेव्हा त्याची मूठ एका अंगाने तडकलेली होती. मुठीचा विचार आम्ही प्रथम तेव्हा केला.

पात्याची महती आमच्या निर्मलकरांना कोणी सांगावयास नको. २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या या गावाच्या परिसरातील लोखंडापासून गोदावरीपलीकडे कोनसमुद्रम येथे पोलाद होत असे. ते नेण्यास इराणचे व्यापारी येत, ही हकिकत हेन्री वॉयसी यांच्या १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणात आहे. मुठींची हकिकत मात्र कोण लिहून ठेवतो!

वास्तविक मिटत्या चाकूची मूठ हेच त्याचे म्यान. पितळी पत्र्यांवर दोन्ही अंगांनी पट्ट्या रिव्हेटने ठोकतात आणि तडा बहुधा त्या भोकापासूनच जातो. आमच्या चाकूला सांबरशिंग होते. ते भरीव हाडच; दरवर्षी गळते, नवे येते. त्याच्या खरबरीतपणामुळे ओल्या हातातूनही चाकू निसटत नाही. म्हशीचे शिंग निराळे, नखाच्या जातीचे. तापवून दाबले की सपाट होते, पण कोरड्या उन्हाळ्यात वाकते आणि कीडही ते खाते. सेल्युलॉइडची मूठ दिसण्यात देखणी. जुनी झाली की तिच्यातून निघणाऱ्या आम्लाने पातेच गंजते.

निर्मलच्या एका वृद्ध नकाशी कारागिराकडे आम्ही गेलो. खेळण्यांचे पोनिकीचे लाकूडच बसवा, असे सुचवले. ते हसले. “पोनिकी रंग घेते साहेब, खिळा घेत नाही,” ते आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाले. खेळण्याचे अवयवही ते खिळ्याने नव्हे, चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लांबीने जोडतात, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. तरी ध्यानात आले नाही.

एका परिचिताने सांबरशिंगाचा तुकडा गुपचूप आणून देण्याची तयारी दाखवली. क्षणभर मोह झाला, हे कबूल करतो. आज त्याची खरेदी-विक्री कायद्याने करता येत नाही. आणि आजोबांच्या वस्तूसाठी चोरीचा माल घेणे मनास पटेना. अखेर शिसवीची पट्टी बसवली. जड, घट्ट लाकूड. रिव्हेट ठोकताना चिरले नाही.

आत्याला ते मुळीच रुचले नाही. “एकीकडे काळी, एकीकडे पिवळी! हा काय बाबांचा चाकू राहिला?” असे म्हणून तिने तो उलटासुलटा केला. मग शिंगाच्या बाजूची, आजोबांच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली जागा तिने बराच वेळ चाचपली आणि पुढ्यातली कैरी चिरावयास घेतली.