समीकरणाचं चित्र

मुलांनो, मी प्राथमिक शाळेत शिकवते. पाढे, बेरीज-वजाबाकी हा माझा प्रांत. पण माझी जुनी मुलं संध्याकाळी गणितं घेऊन घरी येतात. त्यांतली एक, आता अकरावीत गेलेली, परवा म्हणाली, "बाई, मी गणित सोडणार. या समीकरणांत मला काही दिसतच नाही."

वहीत होतं: ९क्ष² + २५य² = २२५.

"दिसत नाही ना? मग काढून बघू," मी म्हटलं. तुम्हीही आलेख कागद घ्या.

क्ष शून्य धरा. य² = ९, म्हणून य ३ किंवा उणे ३. आता य शून्य धरा. क्ष ५ किंवा उणे ५. झाले चार बिंदू! तिने लगेच पट्टीने जोडले. छान शंकरपाळं झालं.

पण थांबा, मधल्या किमती कोण बघणार? क्ष ३ घेतला, तर २२५ मधून ८१ गेले, उरले १४४. त्याला २५ ने भागून वर्गमूळ काढलं, य आला २.४. क्ष ४ घेतला, तर य १.८. अगंबाई, हे बिंदू तर शंकरपाळ्याच्या बाहेर! अधिक-उणे चिन्हं बदलून एकूण बारा बिंदू झाले. क्ष ६ घेतला तर? २५य² उणे ९९ व्हायला हवं. पण वास्तव संख्येचा वर्ग कधी उणे नसतो. म्हणजे आलेख ५ च्या पुढे जाणारच नाही.

बिंदू हाताने अलगद जोडले. लांबट गोल आला. हेच लंबवर्तुळ.

मग क्ष-अक्षावर ४ आणि उणे ४ वर टाचण्या टोचल्या. त्यांना दोरा बांधला, गाठींमधली लांबी बरोबर १० सेंटिमीटर (आमचा एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर). पेन्सिलीने दोरा ताणून फिरवला, तर ती बाराही बिंदूंवरून गेली! टाचण्यांच्या जागा म्हणजे नाभी. ग्रहाचा मार्गही लंबवर्तुळच, फक्त इतका चपटा नाही, आणि सूर्य एका नाभीत, हे केप्लरने १६०९ साली मंगळाच्या अभ्यासातून मांडलं.

गणित ठेवायचं की सोडायचं, ते ती ठरवील. पण "दिसत नाही" म्हणण्याआधी चार बिंदू मांडावेत, आणि चारांवर थांबू नये, एवढं खरं.

आता आईबाबांना जवळ बसवा आणि २५क्ष² + २५य² = ६२५ काढा. बघा बरं, कोणती ओळखीची आकृती येते!