लादीच्या खाली काय असतं

मोझॅइकची लादी बसवायची असं ठरवलं तेव्हा लादीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की ती पायाला थंड लागते आणि तिच्यात दगडाचे रंगीत ठिपके असतात. वसईतल्या भुईगावच्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात लाल रंगाचा कोबा होता, म्हणजे सिमेंटची घोटलेली जमीन. 2018च्या जुलैत वसई-विरारमध्ये पाणी साचून राहिलं, ते आमच्या उंबऱ्याच्या आतही आलं, आणि तेव्हापासून कोब्याचा रंग जागोजागी सोलत गेला. दुकानात सगळीकडे आरशासारख्या चकचकीत टाइल्स मांडलेल्या होत्या. मोझॅइक मागितली तर दुकानदार म्हणाले, "टेराझो म्हणा. आता परत मागणी आहे, पण ऑर्डर देऊन करून घ्यावी लागेल." लादी करून घ्यावी लागते, ती नुसती विकत मिळत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

ती कशी करतात हे मी विचारून घेतलं. साच्यात आधी सिमेंट आणि संगमरवराच्या बारीक तुकड्यांचा थर घालतात, त्याच्या पाठीला सिमेंट-रेतीचा जाड थर देतात आणि दोन्ही मिळून यंत्राच्या दाबाखाली दाबतात. मग लादी पाण्यात मुरवतात. या कलेचं मूळ व्हेनिसमध्ये आहे. संगमरवर कापताना उरलेले तुकडे चुन्यात बसवून तिथले कारागीर जमीन घोटत. आपल्याकडे 1922 साली फिरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या ध्यासातून भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी सुरू केली, आणि सिमेंटच्या देशी लाद्या मुंबईच्या घराघरांत गेल्या. आमच्या लाद्या आल्या त्या फूटभर चौरस आणि 25 मिलिमीटर जाड होत्या. एकेक उचलायला पाच किलोंहून जड, आणि दिसायला अगदी निस्तेज. माल खराब आला की काय, अशी मला शंका आली. पण कारखान्यात फक्त पहिली घासाई होते, पुढची जमिनीवर बसवल्यानंतर. म्हणजे माझ्या अंगणात रचलेली लादी अजून अर्धीच तयार होती.

लादी बसवायला बोलावलेले मिस्त्रीकाका वाडा तालुक्याकडचे. ते आले तेव्हा मी त्यांना कौतुकाने लाद्या दाखवायला गेले. त्यांनी त्या बघितल्याच नाहीत. ते माजघरात उकिडवे बसले आणि हातोडीच्या दांड्याने कोबा ठोकत भिंतीच्या कडेने सरकू लागले. कुठे खणखणीत आवाज येई, कुठे बद्द. बद्द वाजेल तिथे ते खडूने गोल करत. वरचा थर खालच्या जमिनीपासून सुटला असेल, तर वर कितीही चांगली लादी बसवा, ती पोकळीवरच बसणार. थोड्या वेळात खोलीभर खडूचे गोल झाले. वर्षानुवर्षं ज्या जमिनीवर मी वावरले, तिच्यातली इतकी जागा पोकळ आहे याची मला कल्पना नव्हती.

मग त्यांनी प्लास्टिकचे दीड-दीड फुटांचे चौरस तुकडे मागितले. खोलीत वेगवेगळ्या ठिकाणी ते कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि रात्रभर तसेच ठेवायला सांगितलं. सकाळी इतर तुकडे कोरडे होते, पण विहिरीकडच्या कोपऱ्यातल्या प्लास्टिकला आतून दव धरलं होतं. ते पाणी वरून आलेलं नव्हतं. आमच्या पट्ट्यात जमिनीतलं पाणी फार खोल नसतं, आणि काँक्रीट ते बारीक छिद्रांतून वर ओढून घेतं. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मात्र वर राहतात. भिंतीवर दिसणारा पांढरा लोणा तो हाच. जमीन कोरडी आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, पण साध्या प्लास्टिकला कळतं, हे पाहून मी थक्क झाले.

त्या कोपऱ्यातला कोबा फोडावा लागला. खाली मुरूम ठोकला, त्यावर जाड प्लास्टिक अंथरलं आणि मग नवं काँक्रीट घातलं. इतर ठिकाणचे पोकळ तुकडेही काढून भरून घेतले. मला वाटलं, आता सगळी जमीन एक झाली. पण मिस्त्रीकाकांनी जुनं आणि नवं काँक्रीट जिथे भेटतं ती रेघ भिंतीवर खुणेने नोंदवून ठेवली. पुढेमागे जमीन हलली तर तडा तिथेच जाणार, आणि वर अखंड लादी असेल तर ती मधोमध फुटणार. म्हणून लाद्यांची मांडणी अशी करायची, की दोन लाद्यांमधला सांधा नेमका त्या रेघेवर यावा. खालचा सांधा झाकून संपत नाही, त्याला वरही जागा द्यावी लागते.

पातळी काढायला त्यांनी पारदर्शक नळी आणली आणि तिच्यात पाणी भरलं. नळीचं एक टोक एका भिंतीशी, दुसरं समोरच्या भिंतीशी. दोन्हीकडचं पाणी जिथे थांबेल तिथे खूण. पाणी आपली पातळी स्वतः शोधतं, एवढ्या एकाच नियमावर खोलीभर सारख्या उंचीच्या खुणा उमटल्या. त्या खुणांवरून मोजलं तेव्हा समोरच्या दाराकडे कोबा बराच खाली होता, आणि तो फरक लादीखालच्या मालाने, म्हणजे सिमेंट-रेतीच्या मिश्रणाने भरून काढायचा होता. मग त्यांनी विचारलं, "ताई, दारं कुठे उघडतात?" प्रश्न मला कळेना. 25 मिलिमीटरची लादी आणि तिच्याखाली जवळजवळ तेवढाच माल, म्हणजे जमीन दोन इंच वर येणार. आत उघडणारं प्रत्येक दार खालून कापावं लागणार होतं. लादीचा हिशेब सुताराकडे जाऊन पोचतो हे मी कुठे वाचलं नव्हतं.

वजनाचा हिशेब मी स्वतः मांडला. बारा बाय पंधराची खोली, म्हणजे पावणेसतरा चौरस मीटर. नुसत्या लाद्याच टनाच्या जवळ जात होत्या, आणि खालचा माल जवळपास तेवढाच. आमचं माजघर जमिनीवर आहे म्हणून चाललं. वरच्या मजल्यावर हेच करायचं असेल तर आधी इंजिनिअरला स्लॅब दाखवायलाच हवा.

गुळगुळीत कोब्यावर माल धरत नाही, म्हणून छिन्नीने सगळीकडे टाचे मारले. धूळ झाडली, जमीन धुतली आणि तिला पाणी पाजलं. कोरडं काँक्रीट मालातलं पाणी शोषून घेतं आणि सिमेंट उपाशी राहतं. मी विहिरीतून कळशी भरून आणली तर मिस्त्रीकाकांनी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि कळशी बाजूला ठेवली. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होतं. जो खार खालून येऊ नये म्हणून प्लास्टिक घातलं, तोच मी वरून कळशीने घालणार होते. त्यानंतरच्या सगळ्या कामाला नळाचंच पाणी वापरलं. सूर्या, उसगाव, पेल्हारच्या धरणांचं पाणी वसईकरांना किती जपून वापरावं लागतं, हे त्या दिवसांत मी बादली-बादलीने शिकले. रेतीचंही तेच. खाडीची असेल तर गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय घ्यायची नाही.

माल सहाला एक, म्हणजे सहा घमेली रेतीला एक घमेलं सिमेंट. मला तो फार कोरडा वाटला. मिस्त्रीकाकांनी मूठभर माल हातात दिला आणि दाबायला सांगितला. लाडू वळला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये. माल पातळ झाला तर वाळताना आकसतो आणि लादी खाली बसते. कामात सोपा असणारा माल आणि टिकणारा माल हे दोन वेगळे असतात.

खोली काटकोनात आहे का, हे दोरीने तपासलं. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फूट, दुसऱ्या भिंतीवर चार फूट, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं पाहिजे. शाळेत सोडवलेलं पायथागोरसचं प्रमेय मिस्त्रीकाका रोज जमिनीवर मांडतात. आमच्या भिंती काटकोनात नव्हत्या. म्हणून पूर्ण लाद्या दारासमोर घेतल्या आणि कापलेले तुकडे मागच्या भिंतीकडे गेले. पसरलेल्या मालावर सिमेंटचं घट्टसर पाणी ओततात, चौरस मीटरला साधारण 4.4 किलो सिमेंट. आमच्या खोलीला दीड पोतं लागलं. मग लादी ठेवून लाकडी हातोडीने दोरीच्या रेषेत ठोकायची. काकांनी एक लादी मला बसवू दिली. वरून ती सरळ दिसत होती. त्यांनी चारही कोपरे वाजवले, एक कोपरा बद्द वाजला, आणि लादी उचलून दाखवली. त्या कोपऱ्यात लादीच्या पाठीला सिमेंट लागलेलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी लादी डोळ्यांनी तपासणं सोडलं, कानांनी तपासू लागले.

सांधे एक-दीड मिलिमीटरचे. दुसऱ्या दिवशी ते ब्रशने साफ करून लादीच्याच रंगाच्या सिमेंटने भरले, आणि पुढचे सात दिवस जमीन ओली ठेवली. वाळवण्याची घाई मलाच होती. पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होतं. पाणी लवकर तुटलं तर ती क्रिया अर्धवट राहते.

मग घासाईचं यंत्र आलं. आधी 60 नंबरचा खरबरीत दगड, मग 120, शेवटी 320. पहिल्या घासाईत शेजारच्या लाद्यांमधली पायाला लागणारी धार गेली आणि सगळी खोली एक सपाट दगड झाली. चकचकीत टाइलला हे करता येत नाही, तिचं तेज वरच्या पातळ थरातच असतं. घासल्यावर उघडी पडलेली बारीक छिद्रं पुन्हा सिमेंटने भरली, पाणी मारलं आणि मग पुढचा दगड लावला. घासाईतून दुधासारखा राडा निघत होता. बिगारी तो मागच्या बावखलाकडे, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याकडे वळवत होता, मी थांबवलं. तो सिमेंटचा गाळ आहे. तळाशी बसला तर पाणी जमिनीत मुरणं बंद होतं, आणि आमच्या विहिरींना जे काही गोडं पाणी मिळतं ते याच बावखलांमुळे. आम्ही अंगणात खड्डा करून त्यात राडा निवळू दिला, वरचं पाणी काढलं आणि वाळलेला गाळ भरावात टाकला. मिस्त्रीकाका म्हणाले, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर, चौरस मीटरला 33 ग्रॅम, पाणी शिंपडून नमद्याने घासली. ॲसिड संगमरवराला खातं, मग हे कसं चालतं? या ॲसिडचा दगडातल्या चुन्याशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा पातळ थर तयार होतो, आणि त्याने झळाळी येते. लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड मात्र दगड विरघळवतं. म्हणून आमच्या घरात आता जमीन साध्या पाण्याने पुसतात.

काम झाल्यावर मी मिस्त्रीकाकांना विचारलं, ही जमीन मंद पडली की काय करायचं? "परत घासायची," ते म्हणाले. वरचा दगडाचा थर पाच-सहा मिलिमीटरचा असतो आणि एका घासाईत त्याचा अगदी थोडा अंश जातो. आमच्या आळीत कितीतरी घरांतून जुनी मोझॅइक मळलेली म्हणून उखडून टाकतात, नाहीतर तिच्यावरच नव्या टाइल्स चिकटवतात. ती मेलेली नसते, तिच्यावर दगड फिरलेला नसतो एवढंच. वसईत कुणी जुनी लादी काढायला निघालं असेल तर माझी कळकळीची विनंती आहे: आधी दांड्याने वाजवून बघा. खणखणीत वाजली, तर फोडणाऱ्याऐवजी घासणाऱ्याला बोलवा.